पाहुणे आणि पाहणारे

'पाहुणा' हा शब्द 'पाहणे' या क्रियापदावरून आला आहे, असे आमच्या वर्गातली मुले दर वर्षी न चुकता सांगतात. जो पाहायला येतो तो पाहुणा. त्यात विचारायचे ते काय? उत्तर चुकीचे आहे. कोशकार हा शब्द संस्कृतातल्या 'प्राघुण'पर्यंत नेऊन पोहोचवतात, आणि त्याच्या मुळाशी पाहणे नसून फिरणे आहे. वाट चालता चालता जो आपल्या दाराशी येऊन ठेपतो, तो पाहुणा. नुसते पाहणाऱ्यासाठी आपल्या भाषेने 'बघ्या' असा निराळा शब्द ठेवला आहे आणि तो काही मानाचा शब्द नव्हे. रस्त्यात दोघांचे भांडण जुंपले की भोवती बघे जमतात. घराला आग लागली की विझवणारे चार असतात आणि बघे चाळीस.

तरीही मुलांच्या त्या चुकीत एक खोच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आजकाल आपण ज्याला 'सहलीला जाणे' म्हणतो, त्यात माणूस एका परक्या गावी जातो, तिथे पैसे देऊन राहतो, जेवतो आणि पाहतो. तो कुणाच्या ओळखीवर गेलेला नसतो, कुणाच्या कार्यालाही नाही. अशा माणसाला पाहुणा म्हणावे की बघ्या? आणि त्याला पाहुणा व्हायचेच असेल तर त्याने काय करावे? तत्त्वज्ञानाच्या बाबतीत आमची धाव शाळेच्या कपाटातल्या दुसऱ्या खणापर्यंतच. तेव्हा या प्रश्नाचा विचार मी माझ्या पायाखालच्या वाटेवरूनच करणार आहे. ती वाट भंडारदऱ्याची आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. सह्याद्रीचा कणा तिथून गेला आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, तिथलेच. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि थोडे अंतर जाते न जाते तोच धरणाच्या भिंतीला अडते. ही भिंत २७० फूट उंच आहे. बांधकाम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाला गव्हर्नरसाहेबांचे नाव मिळाले, तलावाला आर्थर हिल या इंजिनियराचे. दोघेही दूर देशीचे पाहुणे. ज्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले, ते याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. त्यांचे नाव जलाशयाला लागायला मात्र स्वतंत्र भारतातही फार वर्षे जावी लागली.

या तलावाच्या दोन टोकांना दोन गावे आहेत. भिंतीजवळचे शेंडी. लोक 'भंडारदऱ्याला जाऊन आलो' म्हणतात तेव्हा बहुधा ते शेंडीला जाऊन आलेले असतात. एस.टी. तिथे थांबते, हॉटेले तिथे, पर्यटन महामंडळाचे विश्रामस्थान तिथून जवळच, भज्यांचा वास तिथला. दुसऱ्या टोकाला, जिथे पाणी संपते आणि डोंगर सुरू होतो तिथे, रतनवाडी. तिथे अमृतेश्वराचे प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. शिलाहारांच्या झंझ राजाने ते बांधले असे सांगतात. शेजारी देखणी पुष्करणी आहे. मागे रतनगड उभा, त्याच्या माथ्यावर वाऱ्याने कोरलेले नेढे. पूर्वी शेंडीहून होडीत बसून रतनवाडीला जात. आता तलावाला वळसा घालणारी सडक झाली आहे. एका गावात धरणाची भिंत आहे आणि दुसऱ्यात नदीचा उगम. जोडगावेच म्हणायची.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे याच तालुक्यात गेली. पुढे बदली होऊन मी खाली, श्रीरामपूरच्या बाजूला, पाटपाण्याच्या गावात आलो. पण वरचे येणेजाणे तुटले नाही. वर्षातला असा एकही महिना नसेल, की ज्या महिन्यात मी या दोन गावांपैकी एकात मुक्काम केलेला नाही. त्यामुळे झाले काय, की 'भंडारदरा पाहिला का?' या साध्या प्रश्नाचे उत्तर देणे मला अवघड होऊन बसले. कोणता भंडारदरा? ज्येष्ठातला, श्रावणातला, की चैत्रातला?

दर वर्षी नववीच्या मुलांना आम्ही एक ठराविक निबंध घालतो: 'मी पाहिलेले रमणीय स्थळ'. पाटाखालच्या आमच्या गावातली निम्मीअधिक मुले भंडारदऱ्यावर लिहितात. जवळचे आणि नावाजलेले तेच. आणि सगळ्यांच्या निबंधात एकच ऋतू असतो. धबधबे कोसळत असतात, धुके उतरत असते, धरणीमाता हिरवा शालू नेसलेली असते. या हिरव्या शालूला वर्षाचे बाकीचे महिने नसतात काय, असा प्रश्न वह्या तपासताना मला पडे. एका वर्षी वरच्या बाजूचा एक मुलगा मामाकडे शिकायला म्हणून आमच्या शाळेत आला होता. त्याने निबंधात तीनच ओळी लिहिल्या. मी अजून कोणतेही रमणीय स्थळ पाहिलेले नाही. आमच्या गावाला लोक पाहायला येतात. ते आले की आम्ही गाड्या लावायला जागा दाखवतो. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. हा मुलगा रमणीय स्थळात जन्मला होता, एवढेच. त्याने ते पाहिले नव्हते, तो त्यात राहत होता.

आता ज्येष्ठाचेच घ्या. मे महिना संपता संपता, पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की घाटघर, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल या बाजूच्या झाडांवर काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री पेटल्यासारखी दिसतात. आणि नुसती पेटत नाहीत, तर सारे झाड एका श्वासाने उजळावे आणि एका श्वासाने विझावे असा भास होतो. ज्याने हे पाहिले नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याने पाहिले त्याला सांगायची गरज नाही. हल्ली याला 'काजवा महोत्सव' असे नाव पडले आहे. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याकडून, नाशकाकडून आणि आमच्या नगरकडूनही गाड्यांची अशी रीघ लागते, की तलावाकाठची सडक गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांपेक्षा अधिक चमकते. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. १९८६ साली ते जाहीर झाले. वनखात्याने नियम केले आहेत, नाक्यावर शुल्क घेतले जाते, दिवे मालवा, विजेऱ्या लावू नका, झाडाजवळ जाऊ नका, असे सांगितले जाते. काही जण ते ऐकतातही.

दिवे का मालवायचे? काजव्याचा प्रकाश आपल्यासाठी नसतो म्हणून. नर उडता उडता चमकतो, मादी पानावरून त्याला उत्तर देते. त्या दोघांची ती बोली आहे. मध्येच मोटारीचा झोत आला, की त्यांना एकमेकांचे काही दिसत नाही. लग्नघरात शिरून नवरा-नवरीच्या डोळ्यांवर बत्ती धरावी, तसा हा प्रकार. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपण ज्याला काजवा म्हणतो, तो त्या किड्याच्या आयुष्याचा शेवटचा पंधरवडा, फार तर तीन आठवडे. बाकीचे सारे आयुष्य त्याने अळीच्या रूपात, ओलसर मातीत आणि कुजक्या पाल्यात, गोगलगाईंवर गुजराण करीत काढलेले असते. त्या महिन्यांत त्याला पाहायला कुणी येत नाही. उलट, तंबू ठोकायला जागा साफ हवी म्हणून झाडाखालचा पाला झाडून पेटवला जातो, आणि पुढल्या वर्षीचा महोत्सव त्यातच जळून जातो.

ज्या सौंदर्यासाठी आपण धावत जातो ते बहुधा एका लांब, अनाकर्षक वर्षाचे फळ असते. फळ खाणाऱ्याने झाडाची बारमाही चाकरी करावी असा कायदा नाही. पण झाडाखालची माती पायाने उकरू नये, एवढे तरी त्याच्यावर बंधन आहे की नाही?

इथे एक गोष्ट लगेच सांगितली पाहिजे, नाहीतर मी शहरवाल्यांवर तोंडसुख घेतो आहे असे वाटेल. हे येणारे लोक गावाला नको असतात, असे मुळीच नाही. रतनवाडीच्या एका तरुणाने मला सरळ सांगितले, ''गुरुजी, काजवा हे आमचं पीक आहे. भात चार महिन्यांचं, काजवा तीन आठवड्यांचा. पण रोकडा काजवाच देतो.'' तंबू, जेवण, वाटाड्या, गाडी लावायची जागा, यांतून जे पैसे येतात त्यांवर कुणाच्या बहिणीचे शिक्षण होते, कुणाच्या घरावर पत्रा चढतो. डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांना रोकड मिळवायला दुसरे मार्ग किती होते? हिरडा वेचणे, मजुरीला खाली जाणे, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या हंगामात गाव सोडून राहणे. ते थांबून पोरगा घरी राहत असेल तर त्या गर्दीला नावे ठेवायचा अधिकार मला नाही. पोटापाण्याने सुखी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या एकांताची काळजी वाहणे फार सोपे असते.

इंग्लंडात सरोवरांचा एक प्रांत आहे. तिथल्या वर्डस्वर्थ कवीने १८४४ साली आपल्या भागात येणाऱ्या रेल्वेला विरोध केला होता. सौंदर्याची जाण हळूहळू, सरावाने येते. कारखान्यांतल्या लोकांना गाडीत भरभरून आणून ती येणार नाही, असे त्याचे म्हणणे. कवी थोर, पण हे म्हणणे मला पटत नाही. डोंगर पाहायची पात्रता कुणी ठरवायची? शिवाय त्या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. पुढे त्याच प्रांतातल्या थर्लमियर सरोवराला बांध घालून त्याचे पाणी मँचेस्टर शहराने नेले. १८९४ साली ते शहरात पोहोचले. कारखान्यांतली माणसे सरोवराकडे यावीत की नाहीत हा वाद चालला होता, तोवर सरोवरच कारखान्यांच्या गावी जाऊन पोहोचले.

भंडारदऱ्याचे अगदी हेच आहे. ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावणारा हा तलाव शेंडी-रतनवाडीसाठी बांधला गेला नाही, सहलीसाठी तर नाहीच. तो बांधला गेला आमच्यासाठी. खालच्या, दुष्काळाने गांजलेल्या मैदानासाठी. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, आमच्याकडे पूर्वेला, पाचशे-सहाशे पडला तरी आम्ही वरुणराजाला हात जोडतो. वरचे पाणी भिंतीआड साठवायचे, नदीतून खाली सोडायचे, ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवाशापर्यंत न्यायचे. या पाण्यावर ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५०च्या हंगामात सुरू झाला, तोही याच पाण्याच्या बळावर. आमच्या गावात बंगले झाले, शाळा झाल्या, माझ्यासारख्या मास्तरांच्या नोकऱ्या झाल्या. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ते नेवासेही याच नदीच्या काठी. पंधरा ऑगस्टच्या आगेमागे 'भंडारदरा भरला' अशी बातमी येते, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते.

तेव्हा आमच्या पाटाखालचा माणूस भंडारदऱ्याला जातो तेव्हा तो परका सहलखोर म्हणून जात नाही, हे त्याला ठाऊक असो वा नसो. त्याच्या अंगणातल्या हौदात त्या तलावाचे पाणी आहे. आमच्या घरात दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला जे पाणी तापते, ते दोन महिन्यांपूर्वी रतनवाडीच्या मागे डोंगरावर पडलेले असते. हे नाते पर्यटनाचे नव्हे. ते देण्याघेण्याचे आहे, आणि त्यात घेणारे आम्ही आहोत.

याच पाण्यावरून आम्ही मात्र जोरात भांडतो. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप ठरवले. तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. ते सुटले की आमच्याकडे सभा होतात, 'आमचे पाणी पळवले' म्हणून. मराठवाड्यातले लोक म्हणतात, 'आमच्या हक्काचे पाणी अडवले.' दोन्हीकडे 'आमचे' हा शब्द असतो. ज्यांच्या शेतांवर तो तलाव उभा आहे, त्यांचा आवाज या सभांत मी अजून ऐकलेला नाही.

आणि हे कळायचे असेल तर चैत्र-वैशाखात वर गेले पाहिजे. त्या दिवसांत शेंडी ओस असते. भज्यांच्या गाड्या झाकलेल्या, छत्री धबधबा म्हणजे नुसता काळा दगड, आणि रंधा धबधब्याच्या कड्यावरून पाण्याची एखादी दोरी. उन्हाळी आवर्तने सुटत असतात, तलाव रोज बोटाबोटाने उतरत असतो. रतनवाडीच्या बाजूने पाणी आधी मागे सरते. तडकलेल्या गाळाचा पट्टा रुंद होत जातो. त्यात कुठे कुठे दगडांच्या सरळ ओळी दिसतात. एके काळच्या बांधांच्या असाव्यात अशा. ज्या मुलखात पावसाने चार महिने दार उघडू दिले नाही, त्याच मुलखातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यापर्यंत उतरतात आणि झरा भरायची वाट पाहत बसतात. पाऊस पडतो तो उतारावरून तलावात जातो. तलावातले पाणी खाली जाते. वस्त्या वर राहतात. त्यात कुणाचे कपट नाही, हेच त्यातले वाईट. कुणी दुष्ट माणूस सापडला असता तर त्याला शिव्या देऊन मोकळे होता आले असते.

मग माझा सिद्धांत तयार झाला होता. आपल्याकडे नात्याची परीक्षा कशी करतात? लग्नाला कोण आले यावरून नव्हे. लग्नाला सारेच येतात. जेवण असते, वाजंत्री असते. दहाव्याला कोण आले ते लोक लक्षात ठेवतात. सोयर आणि सुतक ही दोन्ही ज्याला लागतात तो आपला. त्याप्रमाणे जो श्रावणात येतो तो बघ्या, आणि जो चैत्रातही येतो तो पाहुणा. पाहायचे तर बारा महिने पाहावे, नाहीतर पाहिले असे म्हणू नये. सिद्धांत मोठा डौलदार होता. मी तो दोन-तीन ठिकाणी भाषणात बोलूनही दाखवला आणि टाळ्या मिळाल्या.

रतनवाडीला मी ज्यांच्याकडे उतरतो त्या मावशींनी या सिद्धांताची हवा काढली. एका वैशाखात माझ्यापुढे भाकरी ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ''गुरुजी, राग मानू नका. पण या दिसांत येत जाऊ नका. तुम्ही एकलेच येता, ते खरं. पण तुमच्या अंघोळीला दोन हंडे लागतात, आणि ते दोन हंडे माझी सून आणते.''

यावर काय बोलणार? मी त्यांच्या दुःखाच्या दिवसांत सोबतीला आलो असे मला वाटत होते. त्यांच्या हिशेबी मी दोन हंड्यांचा खर्च होतो. आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. दहाव्याला जाणारा शहाणा माणूस स्वतःचा डबा बरोबर नेतो, सुतकातल्या घरी चहासुद्धा मागत नाही. ते मला कुणी शिकवायला नको होते. त्यानंतर मी उन्हाळ्यात रात्रीचा मुक्काम टाळतो, पाण्याचा कॅन बरोबर नेतो, उरलेले तिथेच ठेवून येतो. याने त्यांच्या सुनेची एक खेप वाचते. एकच.

शिवाय दुसऱ्याचे दैन्य पाहायला जाणे हीसुद्धा एक सहलच होऊ शकते, आणि ती काजव्यांच्या सहलीपेक्षा वाईट. हंडे घेतलेल्या बायकांची छायाचित्रे काढणारे लोक मी पाहिले आहेत. धबधब्यापुढे उभा राहून छायाचित्र काढणारा निदान आनंदी दिसतो. हे तर चेहरा गंभीर करून काढतात. म्हणजे बारा महिने जाऊनही माणूस बघ्याच राहू शकतो. महिने मोजून हा प्रश्न सुटत नाही.

मग कशाने सुटतो? माझी समजूत अशी आहे, की पाहुण्याला यजमानाचे काही ना काही ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक असल्याचा त्याच्या वागण्यावर परिणाम व्हावा लागतो. ज्याला माहीत आहे, की आषाढात इथे गुडघाभर चिखलात भाताची आवणी चालू असते, तो बांधावर गाडी चढवणार नाही. ज्याला माहीत आहे, की इथल्या डांगी गाईच्या कातडीतून तेलासारखा स्राव पाझरतो म्हणून ती या पावसात तग धरते, तो रस्त्यात आडव्या आलेल्या गाईवर भोंगा वाजवण्याआधी क्षणभर तिच्याकडे बघेल. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे घरोघर जपून ठेवले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे खाली आम्हाला कळले, की वर काळभात आणि वरई ही नुसती गरिबाची जेवणे नाहीत. आता आम्ही ती मागून आणतो. भाव मात्र अजून आम्हीच पाडून मागतो! बायको म्हणते, ''इतके लेख लिहिता, तर पायलीमागे वीस रुपये कमी का करायला लावता?'' त्या दिवसापासून घासाघीस बंद आहे.

हे सारे एका सहलीत कळत नाही हे खरे. पण एका सहलीत विचारता तरी येते. ज्याला वर्षातून एकदाच, चार दिवसांची रजा मिळते, मुले लहान आहेत, आई थकलेली आहे, त्याने चैत्रात जाऊन यावे असे मी कुठल्या तोंडाने सांगू? त्याने श्रावणातच जावे. खिडकीशी बसून धुके पाहावे, गरम भजी खावी. फक्त ज्याने भजी तळली त्याला एवढे विचारावे, की बाबा, पाऊस संपल्यावर तू काय करतोस? उत्तर ऐकायला दोन मिनिटे लागतात. माझ्या अनुभवात हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस आधी दचकतो, मग बसायला सांगतो.

थंडीतले आणि भाद्रपदातले भंडारदरे मी मुद्दाम वगळतो आहे. सोनकीने पिवळे झालेले माळ आणि पौषातली तलावावरची वाफ यांवर लिहायला बसलो तर संपादक माझ्या लेखाला पान वाढवून देणार नाहीत. पण दिवाळीचे एक सांगतो, कारण अंक दिवाळीचा आहे.

आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गायवासराची पूजा करतो. त्याच दिवशी तिकडच्या आदिवासी वस्त्यांत वाघबारस असते. गुराखी पोरे घरोघर हिंडून तांदूळ, दूध, गूळ गोळा करतात, शिवेवर वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजवतात, नैवेद्य दाखवतात. एक पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला पिटाळून लावतात. त्या डोंगरांत आता पट्टेरी वाघ उरला नाही. बिबट्या आहे, आणि त्यालाही तिथे वाघच म्हणतात.

एका वर्षी मी तिथे होतो. तलाव काठोकाठ, भात कापणीला आलेला. खालच्या बाजूची एक गाडी येऊन थांबली. आई-वडील, आजी, दोन मुले; आमच्यासारखेच घर. गृहस्थांनी ठाण्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले, ''बाबा, कार्यक्रम किती वाजता आहे?''

''गुरं आली म्हंजी,'' म्हातारा म्हणाला.

''गुरं किती वाजता येतात?''

''त्यांची पोटं भरली म्हंजी.''

गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. आजी मात्र आधीच गाडीतून उतरून एका दगडावर बसल्या होत्या आणि चुलीजवळच्या पोरांना, दूध फाटू नये म्हणून गूळ कधी घालायचा, ते सांगत होत्या. मग सारेच बसले. ऊन उतरले, गुरे आली, खीर झाली, पानांवर वाढली. धाकट्या मुलीने खीर खाता खाता म्हाताऱ्याला विचारले, ''आजोबा, खराखुरा वाघ कुठे आहे?''

म्हाताऱ्याने रतनगडाच्या रानाकडे हात केला. ''तिकडं हाये. त्यानं तिकडंच ऱ्हावं म्हणून तर ही खीर.''